भोपळ्याची बोली

सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या गल्लीत कुणाचं भांडं कुणी रिकामं परत करत नसे. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली, तर वाटी परत जाताना तिच्यात निदान चिमूटभर साखर किंवा मूठभर शेंगदाणे जायचेच. हा रिवाज आमच्या आयांनी खानदेशातून येताना कपड्यांच्या ट्रंकेबरोबरच आणला होता. पण शेजारच्या मामांनी त्याची पार शर्यत करून टाकली होती. आम्ही वाटीभर वरण दिलं की वाटीत गुळाचा मोठा खडा यायचा. त्या गुळापोटी आईनं चार भजी पाठवली की ताटलीत अर्धा डझन केळी यायची. आई वैतागून म्हणायची, "अहो दादा, माझी वाटी फिरून फिरून झिजली. एकदा तरी रिकामी द्या."

"ताई, फुकटचं खायची सवय नाही मला," असं म्हणून मामा मिशीतल्या मिशीत हसायचे.

मामा आमच्या नात्यातले नव्हते. भिंतीला भिंत लागून खोली, गाव धुळ्याकडचं, आणि आईला त्यांनी बहीण मानलेलं, म्हणून ते मामा आणि त्यांची बायको मामी. मामा एका खात्यात मुकादम होते. सुरतेत यंत्रमागाच्या शेडला खातं म्हणतात. शेठनं सगळ्यांसाठी चहा मागवला तरी मामा तो प्यायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन स्वतःच्या पैशांनी पिऊन यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. कुणाचं देणं नव्हतं, कुणाचा उपकार नव्हता, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

मामी अगदी उलट. ती कुणाकडेही हक्कानं काहीही मागायची आणि मागेल त्याला देऊन टाकायची. घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम ती करायची, त्यामुळे तिच्या बोटांना कायम डिंक आणि गालाला एखादी चुकार टिकली असायची. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. आईबरोबर एकदा मामी सहज उपासनेला आली, तिला गाणी आवडली, आणि मग दर रविवारी ती आमच्या आधी तयार होऊन दारात उभी राहू लागली. मामांनी कधी अडवलं नाही. रिक्षात बसवायचे, भाडं आधीच रिक्षावाल्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "जा, तुझ्या प्रभूला माझा रामराम सांग."

मी तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून मराठी शाळेत शिकले आणि बारावीनंतर सुरतेला आई-वडिलांकडे आले. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. वडील बमरोलीच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला, हाताची नखं कायम निळी नाही तर हिरवी. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी नेमकी मिल बंद पडली. मी पुस्तकं ट्रंकेत भरायला घेतली. तेवढ्यात मामी आली. ट्रंकेतली पुस्तकं एकेक करून बाहेर काढली आणि माझ्या हातात रुमालाची गाठ दिली.

"कानातल्यांसाठी ठेवले होते. कान काय, आहेत तसेच बरे आहेत."

"मामी, नोकरी लागली की पहिल्या पगारात..."

"ए पोरी," ती म्हणाली, "उसने देत असते तर सांगितलं असतं ना उसने देते म्हणून? घे आणि शीक."

मी घेतले आणि शिकले. मी पदवीधर झाले त्या दिवशी मामीनं गल्लीत पेढे वाटले, आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं की पोरगी आता इंग्रजीतसुद्धा स्वप्नं बघते. हे साफ खोटं होतं. पुढे उधन्यातल्याच एका खाजगी मराठी शाळेत मला नोकरी लागली. पहिल्या पगाराचं पाकीट घेऊन मी तिच्याकडे गेले, तर तिनं ते माझ्या पदरात परत टाकलं. दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा तेच. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामी काविळीनं गेली. शेवटच्या दिवसांत मामा तिच्या उशाशी बसून असायचे. ती त्यांना सारखी एकच गोष्ट म्हणायची, "काळजी करू नका. तिकडे भेटू आपण."

मामांनी तिचं हे बोलणं मनात घट्ट धरून ठेवलं होतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

नोव्हेंबरात आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, हंगामाचा सण असतो. शेतातलं, परसातलं, घरातलं जे काही पहिलं आणि चांगलं निघालं असेल ते लोक वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीच्या कामी लागतो. शेत तर आमच्यापैकी कुणाचंच सुरतेत नव्हतं. मग पत्र्यावर चढवलेल्या वेलाचे दोडके, डब्यातली मिरची, बाजारातून आणलेल्या पापडीच्या शेंगा, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, असं सगळं यायचं.

त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी वह्या तपासत बसले होते. मामा दारात येऊन उभे राहिले.

"पोरी, उद्या तुमच्यात बोली लागते म्हणे?"

"हो मामा."

"सगळ्यात मोठी बोली कशावर?"

"ते शेवटी ठेवतात. सगळ्यात मोठी वस्तू शेवटी."

"आणि ज्याची बोली जास्त, त्यालाच मिळतं?"

"हो ना. लिलावच तो."

"मग बरं आहे," असं म्हणून मामा निघून गेले, आणि मी पुढची वही उघडली. पोरांच्या शुद्धलेखनात माझं डोकं इतकं अडकलं होतं, की मामांनी कधी नव्हे तो आमच्या सणाचा नियम का विचारला, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सुरतेत देवळांतून पहिल्या आरतीचा मान बोली लावून देतात. त्याला उछामणी म्हणतात. ज्याची बोली मोठी त्याच्या हातात आरतीचं ताट. आमच्या गल्लीच्या गणपतीतही ती पद्धत आली होती, आणि कोपऱ्यावरच्या गुजराती वाण्याला हरवून मामांनी तो मान दोनदा मिळवला होता. तेव्हा मामी त्यांना म्हणाली होती, "गणपतीला विचारलं का, त्याला कुणाच्या हातची पाहिजे ते?" सगळे हसले, मामाही हसले. पण देवाच्या दारात पुढची जागा बोलीनं मिळते, हे गेल्या वीस वर्षांत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. ते त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

सणाच्या दिवशी मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि मांडवात पहिल्या रांगेत बसले. लिलाव पुकारायचं काम दरवर्षी माझ्या वडिलांकडे असे. मिलच्या यंत्रांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांना भोंगा लागत नसे.

"बघा हो, अंडी! कोंबडीनं उपासनेला बसून घातलेली! एक डझन!"

"एखादं फुटकं असेल तर?" मागून कुणीतरी.

"तर ते तुला फुकट!"

आमच्याकडे रेल्वेत नोकरीला असलेले एक गृहस्थ होते. फार हौशी. घ्यायचं काही नसलं तरी प्रत्येक वस्तूवर बोली चढवायची आणि आयत्या वेळी अंग काढून घ्यायचं, ही त्यांची करमणूक. त्यांच्यामुळे एक मुळ्याची जुडी त्या दिवशी अठरा रुपयांना गेली होती.

सगळ्यात शेवटी भोपळा आला. भेस्तानच्या एका कुटुंबानं तो घराच्या पत्र्यावर वाढवला होता. दोघांनी उचलून आणावा लागला. वडिलांनी त्याच्यावर थाप मारली.

"दहा रुपये!"

"अकरा," रेल्वेवाले म्हणाले.

"एक्कावन्न," मामा म्हणाले.

मांडवात हशा पिकला. रेल्वेवाल्यांना तर पर्वणीच. "साठ!"

"एकशे एक."

"एकशे दहा!"

"पाचशे एक."

रेल्वेवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. लोक हसत होते म्हणून त्यांनी धीर करून "पाचशे दहा" म्हटलं, पण आवाज बारीक झाला होता. मामा उठून उभे राहिले. खिशातून रुमालाची गाठ काढली आणि भोपळ्याशेजारी ठेवली.

"पाच हजार एक."

मांडवातलं हसू एकदम थांबलं. मुकादमाचा दोन महिन्यांचा पगारही तेवढा नव्हता. वडिलांचा हात वरच्या वर राहिला. एका कोंबडीनं तेवढा आवाज केला.

"दादा," वडील हळूच म्हणाले, "अहो, भोपळा आहे हा."

"दिसतंय मला. एक वार, दोन वार म्हणा."

मंडळीचे पाळकसाहेब पुढे आले. शांत माणूस, शिकलेले, पण बोलणं आमच्यासारखंच. त्यांनी मामांना खुर्ची दिली, पण मामा बसले नाहीत. "मुकादम, एवढा पैसा कशासाठी?" त्यांनी विचारलं.

मामांना भावना आवरेनाशा झाल्या की ते अहिराणीत शिरायचे. "मन्ही बायको तठे शे," ते वर बोट दाखवून म्हणाले. "माले तिनाजोडे जागा जोयजे." आणि मग सगळ्यांना नीट कळावं म्हणून पुन्हा म्हणाले, "ती तिथे आहे. मला तिच्या शेजारची जागा पाहिजे. मोठी बोली माझी आहे. आणखी वाढवायची असेल तर सांगा, गावाकडे एक गाय आहे."

कुणी हसलं नाही. आणि मला आदल्या दिवशीचं माझं बोलणं आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाळकसाहेब म्हणाले, "मुकादम, ही जागा आम्ही विकत नाही. आमच्याकडे ती विकायला नाहीच. आमच्या शास्त्रात एका जादूगाराची गोष्ट आहे. तो असाच पैसे घेऊन प्रभूच्या शिष्यांकडे आला होता, देवाची शक्ती विकत द्या म्हणून. त्याला त्यांनी सरळ परत पाठवलं. देवाची देणगी पैशानं मिळेल असं तुला वाटलंच कसं, असं विचारलं."

"म्हणजे माझा पैसा खोटा आहे?"

"पैसा खरा आहे, घामाचा आहे. पण असं बघा, ती जागा विकत मिळाली असती तर आधी तुमच्या शेठनं घेतली असती. मग त्याच्या भावांनी. खात्यात झाडू मारणाऱ्या बाईला कधी मिळाली असती का? देवानं ती विकायला काढलीच नाही. तिची किंमत ख्रिस्तानं स्वतःचा जीव देऊन चुकती केलीय. चुकत्या झालेल्या गोष्टीचे आम्ही पुन्हा पैसे कसे घ्यायचे?"

मामा मुकादम होते. शब्द ऐकून गप्प बसणारे नव्हते. "मग हे सगळं काय चाललंय? अंड्यांचे पैसे घेतले, मुळ्याचे घेतले. कशाचे घेतले?"

पाळकसाहेबांनी मान वर करून उपासनाघराकडे बोट दाखवलं. "पत्र्याचे. पावसाळ्यात गळतो तो. देवाजवळची जागा नाही विकत आम्ही, पत्रा बदलतोय. ज्यांना देवाकडून मिळालं ते आनंदानं काही देतात. मिळावं म्हणून नाही देत."

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते त्या गाठीकडे बघत होते. "तिच्या कानातल्यांचे आहेत," ते म्हणाले. "पहिले गेले, म्हणून मी पुन्हा जमवत होतो. करायचे राहिले."

मग मला बसवेना. मी उठले. चार लोकांत बोलायची मला सवय नव्हती. "मामा, पहिल्या कानातल्यांचे पैसे माझ्या फीला गेले. मामीनं मला दिले होते."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या डब्याची किल्ली माझ्याच करगोट्याला होती. तिनं माझ्याकडूनच मागून घेतली," मामा म्हणाले, आणि आता मात्र सगळा मांडव हसला. बायका तर पदर तोंडाला लावून. मामा माझ्याकडे वळले. "मग तू ते फेडलेस का?"

"दोनदा गेले होते. तिनं घेतले नाहीत."

"मग काय केलंस?"

"काही नाही मामा. तिनं दिलं, मी घेतलं. शिकले. अजून तिची आठवण काढते, आणि वर्गात एखाद्या मुलीकडे वही नसली की देते. पण ते फेडणं नाही."

एवढी वर्षं मामांनी आमच्या वाट्या भरभरून परत केल्या होत्या. ते सगळं त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेल्यासारखं मला वाटलं. मग त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, "मग मी करायचं काय?"

"मागायचं," पाळकसाहेब म्हणाले. "त्यानं द्यायचं कबूल केलंय. तुम्ही हात पुढे करायचा."

"एवढंच?"

"एवढंच. पण तुम्हाला जड जाईल, मी ओळखतो तुम्हाला."

मामांनी रुमालाची गाठ उचलली आणि खिशात घातली. दोन पावलं मागे गेले, परत आले, भोपळ्यावर बोटानं टकटक केलं. "आता नुसत्या भोपळ्याचे किती?"

"बोली पाच हजार एकची लागलीय," वडील म्हणाले.

"ती जागेसाठी होती. भोपळ्याचे वीस देईन."

"पंचवीस!" रेल्वेवाल्यांना राहवलं नाही.

"तीस. आणि तू बस खाली."

रेल्वेवाले बसले. वडिलांनी तीन वार म्हटलं आणि टाळ्यांच्या कडकडाटात भोपळा मामांचा झाला. एवढा मोठा भोपळा तीस रुपयांना म्हणजे तसा महागच होता. पण मामांनी पैसे देताना देठ वाळलाय म्हणून दोन रुपये कमी करून घेतलेच.

घरी येताना भोपळा हातगाडीवर होता आणि मामा गाडीला धरून चालत होते. वाटेत मला म्हणाले, "मागतात कसं, गं? मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. बिडीला काडीसुद्धा नाही."

"मामी मागायची तसं," मी म्हणाले. "सरळ."

"ती मागायची. तिला लाजच नव्हती." थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "उसनी नाही का मिळत ती जागा? म्हणजे मग मला बरं वाटलं असतं."

मी हसले, तसे तेही हसले. पण प्रश्न त्यांनी खरा विचारला होता.

एकट्या माणसाला एवढा भोपळा काय करायचा? मामांनी तो आमच्याकडेच आणून टाकला. आईनं अर्धा गल्लीत वाटला आणि उरलेल्याचे गूळ घालून घारगे केले. मोठी वाटी भरून मामांकडे पाठवले. वडील म्हणाले, "आता बघा, वाटीत निदान पावशेर तूप येईल. भोपळाही त्यांचाच होता, म्हणजे व्याजासकट."

सोमवार गेला, वाटी आली नाही. मंगळवार गेला. असं कधी झालं नव्हतं. आई म्हणाली, "आजारी तर नाहीत ना?" पण भिंतीपलीकडून त्यांच्या खोकल्याचा नेहमीचा आवाज येत होता. एकदा वाटलं, ते कुणाशी तरी बोलताहेत. पण त्यांच्या खोलीत तर कुणी नव्हतं.

बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी मामा आमच्या दारात आले. हातात वाटी. घासून पुसून लखलखीत केलेली. ती त्यांनी दोन्ही हातांनी आईपुढे धरली. परीक्षेचा निकाल हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलासारखे दिसत होते.

"घ्या ताई."

आईनं वाटी घेतली. सवयीनं आत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"रिकामी आहे," मामा म्हणाले. कपाळावर घाम आला होता त्यांच्या.

वडील आतून ओरडले, "काय दादा, साखर संपली का?"

"नाही. दोन किलो आहे घरात," मामा म्हणाले. "गूळही आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदम. मी वह्यांची पिशवी खांद्याला लावून शाळेला निघाले होते. मामांनी मला हाताच्या इशाऱ्यानं जवळ बोलावलं.

"मागितलं, पोरी."

"मग?"

"अजून तरी नाही म्हणाला नाही."

आणि ते खात्याकडे निघाले. आईनं तीच वाटी घेतली, उरलेल्या घारग्यांनी भरली आणि त्यांच्या मागे धावली. "दादा, डब्याला घेऊन जा." मामा वळले. क्षणभर त्यांचा हात खिशाकडे गेला, बहुधा जुन्या सवयीनं. मग तो हात बाहेर आला, रिकामाच, आणि त्यांनी वाटी घेतली.